जागेला विचारून वाजवणारा

व्यंकी गेल्याची बातमी त्याच्या घरून कळायच्या आधी मला फोनवरच्या एका ग्रुपात कळली, आणि रडू यायच्या आधी संताप आला. ‘सोलापूरच्या रॉकस्टारचा नशेने घात,’ असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होतो, समोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. नशा? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ताकापलीकडं काही घेतलं नाही, जो कार्यक्रमाआधी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन उभा राहायचा, त्याची नशा? गिटार वाजवतो म्हणजे घेतच असणार, असा आपल्याकडचा हिशेब. भजन म्हणणारा घेतो तेव्हा मात्र कुणी लिहीत नाही. व्यंकीचं हृदय बंद पडलं. भर दुपारी, चुलत्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही या वर्षीच्या उन्हाळी दौऱ्याची तालीम करायचो तिथंच. मी तेव्हा शाळेत होतो. इरफान, आमचा ड्रमवाला, समोर होता. “जरा टेकतो,” म्हणून व्यंकी सुताच्या बाचक्यावर बसला, आणि बसलेलाच राहिला…

आता महिना उलटला. तेव्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते या पुरवणीत छापता आलं नसतं. आता राग कमी झालाय असं मात्र समजू नका.

ज्यांनी आम्हाला कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा तिघांचा बँड. व्यंकटेश गायचा आणि गिटार वाजवायचा, इरफान ड्रमवर, आणि मी, ज्याला हे दोघं आजही मास्तर म्हणतात, म्हणजे आता एकटा इरफान म्हणतो, मी बेस गिटारवर. बँडचं नाव ‘धोटा’. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. व्यंकी विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, गल्लीत मराठी, इरफानशी भांडताना दखनी, त्यामुळं त्याच्या गाण्यांत तिन्ही एकमेकांच्या पाटावर जेवायला बसलेल्या असायच्या. आणि आम्ही दौरा काढायचो तो ऐन उन्हाळ्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, पण शेतं रिकामी असतात, शाळांना सुट्टी असते, गावात माणूस सापडतो. “थंडीत काय कुणीबी गातंय की,” व्यंकी म्हणायचा. “घाम आला न्हाय तर रॉक कसला?”

पहिल्या दौऱ्यातला पहिला कार्यक्रम माझ्या गावी, करकंबला झाला. बाजारतळावरच्या एका ओट्यावर आम्ही सामान मांडलं. गिटार बघून लोकांना वाटलं, औषधाची जाहिरात करणारे आले असावेत. मी तारा जुळवत होतो, तेवढ्यात मिरच्या विकणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली. “ही माजी जागा हाय. कुणाला इचारून चढलाव?” मी गावचा, त्यामुळं मला लाजल्यासारखं झालं. आज बाजार नाही, ग्रामपंचायतीची परवानगी घेतलीय, असं मी सांगायला लागलो. तर ती म्हणाली, “पंचायत बसती व्हय हितं मिरच्या घिऊन?” बाजारात जागेचा कायदा कागदावर नसतो. कुणाच्या सासूनंतर कोण बसणार हे अख्ख्या बाजाराला ठाऊक असतं, आणि बाजार नसला तरी ती जागा तिचीच असते.

व्यंकीनं गिटार खाली ठेवली आणि ओट्यावरून उतरला. हात जोडून म्हणाला, “चुकलं मावशी. तुमच्या आधी कोण बसायचं हितं?” आणि माईक तिच्या हातात दिला. ती आधी बिचकली, मग सासूचं सांगितलं, सासूच्या आधी बसणाऱ्या कासारणीचं सांगितलं, दुष्काळात याच ओट्यावर सुकडी वाटली तेव्हा कोण कुणाच्या अंगावर पडलं तेही सांगितलं. औषधवाले समजून घरी निघालेले लोक थांबले. शेवटी ती म्हणाली, “हां. वाजवा आता.” आणि आम्ही वाजवलं. काय वाजवलं आठवत नाही, पण लोक उठले नाहीत. परतताना जीपमध्ये व्यंकी म्हणाला, “आजपासून जागेला विचारल्याशिवाय वाजवायचं न्हाय.”

तेव्हापासून तो आमचा रिवाज. मांडामांड झाली की आधी त्या जागेचं कुणीतरी माईकवर यायचं, इथं पूर्वी काय होतं ते सांगायचं, आणि त्यानं ‘वाजवा’ म्हटलं की इरफानची पहिली काठी पडायची. शहरातल्या रसिकांना ही आमची युक्ती वाटायची. ‘छान कन्सेप्ट आहे,’ असं एकानं म्हटल्यावर व्यंकी त्याच्याकडं असा बघत राहिला, की मीच त्या गृहस्थांना चहा प्यायला घेऊन गेलो. कन्सेप्ट! दुसऱ्याच्या दारात शिरताना कडी वाजवण्याला कुणी कन्सेप्ट म्हणतं का?

रिवाजातला दुसरा नियम मोडनिंबला झाला, तो चुकीतून. हायवेजवळच्या एका मोडक्या शेडमध्ये कार्यक्रम होता, आणि ज्या गृहस्थांनी जागेचं सांगायचं कबूल केलं होतं ते लग्नाला निघून गेले. मग व्यंकीनंच माईक घेतला आणि रस्त्यात ऐकलेलं सांगून टाकलं, ही जुनी जिनिंगची शेड. झालं! “कोन म्हंतंय जिनिंग?” मागून एक आजोबा उठले. “हितं टॉकीज व्हतं टॉकीज! मी तिकिटं फाडलीत.” तर दुसरे आजोबा, “टॉकीज पडद्याचं, ते मागनं आलं. आदी सरकारी ज्वारीचं गुदाम. तुजा बा हमाल हुता तितं.” मग कुणाचा बाप काय होता यावर निम्मं गाव बोललं. बायकांची बाजू कुठली होती, मधला पडदा कुणी फाडला, ज्वारीला कीड लागली तेव्हा ती कुणाला खायला घातली, सगळं निघालं. आम्ही तासभर वाद्यं गळ्यात अडकवून उभे. व्यंकीचे तेव्हा डोळे आले होते म्हणून त्यानं काळा गॉगल लावला होता, त्या गॉगलखालून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. “मास्तर, आज न्हाय वाजवलं तरी चाललं असतं,” म्हणाला. त्या दिवशी ठरलं, की आपण सांगायचं नाही. आपण पाहुणे. त्या जागेनं ज्याला वाढवलं किंवा राबवलं, त्यानंच सांगायचं.

आणि केम. केमचं कुंकू सगळ्या महाराष्ट्राच्या देवघरांत असतं. तिथं एका बंद पडलेल्या कुंकवाच्या कारखान्यात आम्ही वाजवलं. जागेचं सांगायला एक बाई आल्या, तिथं पाकिटं भरायचं काम केलेल्या. त्यांनी गिरणी कुठं होती, हळद कुठं वाळायची ते सांगितलं, आणि मग बोलता बोलता सहज म्हणाल्या, “आमचं घरचं मालक गेले तवा मी एकवीस-बावीस वर्साची असंन. दुसऱ्या दिसापास्नं कपाळ मोकळं. पन हात लालच की! दिसभर कुक्कू भरायचं आन् घरी जाताना हात खसाखसा धुयाचे, सासूला दिसू ने म्हनून.” बाईंनीच मग “वाजवा” म्हटलं. व्यंकी इतका चिडला होता, की पहिल्याच गाण्यात त्यानं गिटारची तार तोडली. इरफाननंही सगळा राग ड्रमवर काढला, आणि त्या दणक्यानं वरच्या पत्र्यांवर, छपराच्या लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षं बसलेली कुंकवाची धूळ हलली. ती बारीक पावडर खाली येऊ लागली. आमच्या अंगावर, लोकांच्या अंगावर, पोरीबाळींच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या. घामानं ती तिथंच चिकटली. पहिल्या रांगेतल्या त्या बाईंनी कपाळाला हात लावून बोटं बघितली. शेजारीण पदरानं पुसायला गेली, तर तिचा हात धरून म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. मी कुटं लावलं? पत्र्यानं लावलं.” इरफान लालभडक होऊन घरी गेला आणि बायकोनं त्याला अंगणातच उभं केलं, ते पुढं कितीतरी दिवस चेष्टेचं झालं. व्यंकीनं मात्र तो शर्ट कधी धुतला नाही.

अशी गावं झाली, यात्रा झाल्या, साखर कारखान्याची पटांगणं झाली. दौरा दर वर्षी सोलापुरात संपायचा. कुठं संपवायचा, याचंच भांडण होतं, आणि माझा सगळा संताप त्या एका जागेशी जाऊन थांबतो.

शहरात एका संस्थेचं मोठं सभागृह आहे. नाव लिहीत नाही, सोलापूरकरांना ते कळेल आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. एसी, मऊ खुर्च्या, दगडी कमान. शहरातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिच्या आवाराचे तुकडे झाले, त्यातल्या एकावर ते उभं आहे. त्या तुकड्यावर गिरणीचं पाळणाघर होतं. व्यंकीची आई, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणतो, त्या गिरणीत कामाला होती आणि व्यंकी त्या पाळणाघरात वाढला. गिरणी गेली तरी पाळणाघराची इमारत ठेवा, आमच्या नातवंडांची बालवाडी तरी होईल, असं बायकांनी सगळ्यांच्या दारोदार जाऊन सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. इमारत पाडली, आणि कमानीवर ‘कलेचे मंदिर’ असं कोरलं.

दौऱ्याचा शेवट तिथं करायचा आणि जागेचं स्वतः सांगायचं, ही व्यंकीची एकुलती एक हौस. इथं तो पाहुणा नव्हता, नियमाप्रमाणं त्याचा हक्क होता. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अध्यक्षसाहेबांनी सरबत दिलं. सभागृह मिळेल म्हणाले, अगदी आनंदानं. “फक्त ते सुरुवातीचं भाषण तेवढं नको. जुनं कशाला उकरायचं? तुम्ही गाणी म्हणा. इतिहास सांगायला प्राध्यापक आहेत आपल्याकडे.”

“साहेब, मी हितं रांगलोय,” व्यंकी म्हणाला. “प्राध्यापक रांगलेत का?”

सरबत तसंच राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी साहेब भेटलेच नाहीत. मी एकदा वैतागून म्हणालो, अरे, तीन वाक्यांसाठी एवढं मोठं स्टेज घालवतोस, घे की वाजवून. तर तो म्हणाला, “मास्तर, करकंबच्या मिरचीवालीला विचारलं. हितं माझ्या आईचं नाव घ्यायचं न्हाय आणि वाजवायचं?” मग दर वर्षी दौरा चुलत्याच्या शेडमध्येच संपायचा. माग बंद करून, मधे सतरंजी टाकून. तीन वाक्यं… एवढ्या मोठ्या दगडी कमानीला तीन वाक्यांचं भय!

तर तो गेल्यावर त्याच संस्थेनं श्रद्धांजली सभा ठेवली. त्याच सभागृहात! चौकाचौकांत फ्लेक्स लागले, ‘सोलापूरच्या पहिल्या रॉकस्टारला भावपूर्ण आदरांजली’. फोटो कुठला, तर मोडनिंबचा, डोळे आलेल्या दिवसाचा, गॉगलमधला. तो रॉकस्टार दिसतो ना त्यात! खाली अध्यक्षांचा फोटो, व्यंकीपेक्षा बोटभर मोठा. संस्थेच्या कार्यवाहांचा मला फोन आला. “सर, तीन गाणी बसवा. मात्र दुःखाचा प्रसंग आहे, तेव्हा बँडकडून बोलणं वगैरे नको.” मी फोन आपटला.

इरफान तर ऐकूनच घेईना. “नै जाना मास्तर. जीते जी अंदर नै लिये, अब फोटू कू हार डालते!” आम्ही दोघं नाही म्हणायचं ठरवून अम्माकडं गेलो. ती दारात बसून विड्या वळायला तेंदूची पानं कापत होती. आता तिला दिसत कमी, तरी कात्री चालतेच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जाऊ की. बोलावलालेत ना? ते बांधल्यापास्नं मी आत कधी गेले न्हाय.” मला एकदम कळेना काय म्हणतेय ती. तिच्या घरापासून ती कमान दिसते. “एकदा गेल्ते बघाया. वॉचमन बोलला, पास दाखव. माझ्याकडं कुठला पास?”

आम्ही गेलो.

सभेत सगळे बोलले. जे बोलले त्यांतल्या एकानंही त्याचं एक गाणं धड ऐकलेलं नव्हतं. मातीतला कलावंत झाला, तरुणांचा आदर्श झाला, एका वक्त्यानं तर व्यसनांपासून दूर राहण्याचा संदेशही दिला. मी विंगेत उभा राहून मुठी आवळत होतो. शेवटी अध्यक्ष उठले. चष्मा काढला, पुसला, आणि भरल्या आवाजात म्हणाले, “हे सभागृह म्हणजे व्यंकटेशचं घरच होतं.” टाळ्या पडल्या. निर्लज्जपणाला काही मोजमाप असतं की नाही? माझ्या शेजारी इरफाननं काठ्या एवढ्या घट्ट धरल्या, की मला वाटलं आता त्या मोडणार.

मग आमचं नाव पुकारलं. आम्ही स्टेजवर गेलो. मधे व्यंकीची गिटार स्टँडवर ठेवलेली. मी बेस गळ्यात घातली, इरफान बसला, दिवे मंद झाले. आणि वाजेना. खरं सांगतो, आम्ही काही ठरवलं नव्हतं. निषेध वगैरे डोक्यात नव्हता. पण एवढ्या वर्षांत ‘वाजवा’ ऐकल्याशिवाय इरफाननं काठी पाडलेली नाही, ती आत्ताही पडली नाही, आणि ती पडल्याशिवाय माझं बोट हलत नाही. लोक वाट बघत होते. विंगेतून कार्यवाह हातवारे करत होते. कुणीतरी खोकलं.

पहिल्या रांगेतून अम्माचा आवाज आला. “का थांबलाव रे?”

“अम्मा, जागेचं कुणी सांगितलं नाही,” मी म्हणालो. माईक चालू होता, ते सगळीकडं ऐकू गेलं.

ती उठली. सत्काराची शाल खांद्यावरून घसरली, ती तिनं खुर्चीवर टाकली. चारी भिंतींकडं बघत बराच वेळ उभी राहिली. “दार कुठल्या अंगाला होतं ग?” तिनं मागं वळून विचारलं. मागं तिच्या गल्लीतल्या बाया होत्या, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या. “लिंबाकडं, अक्का,” त्यांतली एक म्हणाली. “हां, लिंबाकडं,” अम्मा म्हणाली. “मग पाळणे हितनं तिथपर्यंत.” तिचा हात अध्यक्षांच्या सोफ्यावरून सरळ गेला. मग ती सांगायला लागली. दुपारच्या सुट्टीत बाया पळत यायच्या, केसांत कापूस तसाच, आणि कोपऱ्यात ओळीनं बसून पाजायच्या. कुणाला दूध नसलं तर शेजारची पाजायची. व्यंकीनं किती जणींचं दूध प्यायलंय ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मागच्या बाया आता एकेक नाव घेत होत्या, यल्लव्वा, शांताक्का, जैनबी. त्या भिंतीपासून पुढं सरकत आल्या होत्या. पाळणाघराची आया कशी ओरडायची, त्याची एकीनं नक्कल केली आणि सगळ्याजणी हसल्या, आणि हसताना त्यांतल्या दोघी रडायला लागल्या.

अध्यक्षांनी दुसरा माईक घेतला. “माताजी, आपल्या भावना समजतात. पण ही श्रद्धांजली सभा आहे. आपण जरा शांतता राखू या.”

अम्मा वळली. “शांतता कशाला?” तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. “भिंतीपलीकडं मागांचं खातं होतं, साहेब. शेकडो माग एकदम चालायचे. पोरं त्या आवाजातच निजायची. माग थांबले, हितं गप झालं, की सगळी एकदम उठायची आणि रडायची.”

मग तिनं आमच्याकडं बघितलं. “वाजवा रे. जोरात वाजवा. माझं पोरगं निजलंय.”

इरफाननं काठी पाडली.